फुलांची बाटली उघड

प्रिय मीनल,

सेंट-जर्मेनची, म्हणजे एल्डरच्या फुलांच्या त्या गोड लिकरची, बाटली अजून तशीच कपाटात आहे हे वाचलं आणि लगेच लिहायला बसले. शोभेला ठेवू नकोस गं ती! अल्कोहोल जेमतेम 20 टक्के, त्यामुळे एकदा उघडली की व्हिस्कीसारखी वर्षानुवर्षं टिकत नाही. आधी सुवास उडतो, उरतो नुसता गोडवा. उघडलीस की फ्रिजमध्ये ठेव आणि काही महिन्यांत संपव.

मे-जूनमध्ये इथे म्युनिकला एल्डरची झुडपं बारीक पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांनी भरून जातात. इथले लोक त्याला होलुंडर म्हणतात आणि घरी सरबत करतात. झुबके कोरड्या, उन्हाच्या दिवशी तोडायचे आणि धुवायचे नाहीत, कारण वास परागात असतो. लिकरलाही तोच वास. सोनचाफ्यासारखा अंगावर येत नाही, हळूच कळतो. म्हणून सांगते, हात आखडता ठेव. जास्त ओतली की फूल हरवतं आणि पाक पितोय असं वाटतं.

आधी ह्यूगो नावाचं कॉकटेल कर. उत्तर इटलीत, दक्षिण टिरोलमधल्या नाटुर्न्स गावी रोलांड ग्रूबरने 2005 मध्ये तो पहिल्यांदा केला. तेव्हा त्यात लेमन बामचं, म्हणजे लिंबाच्या वासाच्या एका पाल्याचं, सरबत असे, एल्डर नंतर आलं. मोठ्या ग्लासात भरपूर बर्फ, 30 मिली लिकर, 100 मिली प्रोसेको (इटलीची फसफसणारी वाईन), वरून थोडा सोडा, लिंबाची चकती. पुदिना तळहातावर नुसता थोपटून टाक. चुरगळलास तर कडवटपणा उतरतो. प्रोसेकोसाठी अडून बसू नकोस. नाशकात राहतेस, तिथली ब्रूट स्पार्कलिंग वाईन घे. ती कमी गोड असते, मला तर ह्यूगोत तीच जास्त आवडेल.

जिनबरोबरही सुरेख लागते: 45 मिली जिन, 20 मिली लिकर, लिंबाचा रस. इथल्या मोठ्या पिवळ्या लिंबाचा मी 20 मिली घालते. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट, 15 पासून सुरुवात कर. शेकर नसला तरी चालेल. घट्ट झाकणाच्या बरणीत बर्फ घालून, बरणी हाताला गार लागेपर्यंत हलव आणि गाळून घे. साखर मात्र चिमूटभरही नको.

काकू घेत नाहीत, त्यांच्यासाठी डिसेंबरात येताना एल्डरच्या सरबताची बाटली आणते. सोडा, पुदिना, लिंबू तेच, म्हणजे त्याही आपल्याबरोबर बसतील. ह्यूगो कसा झाला ते सविस्तर लिही.

तुझीच,
शुभा