वलांड्या पुन्हा उभ्या करायच्यात : मढच्या सुकी मासळीवाल्या बायकांचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. शहरात गाड्या अडकल्या, त्याची बातमी झाली. मढच्या किनाऱ्यावर आमचा बोंबील वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबू-दोरीच्या मांडणीवर होता, पावसाळ्यासाठी राखलेला मोसमातला शेवटचा माल.

बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं तो दोरीवर टांगायचा. कडक ऊन असलं तर दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळतो. मधेच सर आली की बुरशी, अळ्या. मग तोच माल कोंबडीखाद्याच्या भावानं द्यावा लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत घरात येणारा पैसा हा पाटीतल्या सुक्या मासळीचाच. तुमच्या घरची सुकटाची बेगमी असते ना, आमची कमाईची बेगमी तीच.

वाऱ्यानं होडी फुटली, जाळं फाटलं तर पंचनामा होतो. वलांडीवरच्या मालाची नोंद मात्र कुठल्याच रकान्यात बसली नाही, कारण होडी घरधन्याच्या नावावर आणि बोंबील बायकोच्या हातातला.

आता दसऱ्याच्या आत वलांड्या उभ्या करायच्या आहेत. जुने बांबू कुजले, दोऱ्या तुटल्या. आम्हाला बांबू, नायलॉनची दोरी, जाड ताडपत्री आणि माल ठेवायला घट्ट झाकणाची पिंपं हवी आहेत. शिवाय जवळा, करंदी ही बारीक कोलंबी वाळूवर पसरावी लागू नये म्हणून जमिनीपासून उंच, जाळी ठोकलेले मांडव बांधायचे आहेत. वाळू कचकचली की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

शक्यतो वस्तूच द्या. पैसे द्यायचे असतील तर आमच्या महिला मंडळाच्या नावानं चेक द्यावा आणि पावती मागून घ्यावी. रोख रक्कम किनाऱ्यावर कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी आमच्यापैकी कुणी मागितली तरी. जमाखर्च मंडळाच्या फळ्यावर लिहिलेला असतो, कुणीही वाचावा.

अंगमेहनतीची माणसंही हवीत. वलांडीपाशी फोटो काढायला रविवारी पुष्कळ जण येतात. त्यातल्या निम्म्यांनी एकेक बांबू धरला तरी आमचं काम दोन दिवसांत उरकेल. वासाची तयारी ठेवून या, तो जाणार नाही.

वर्सोव्याहून फेरीबोटीनं मढला उतरा आणि कोळीवाड्यात महिला मंडळ विचारा, कुणीही दाखवेल. सकाळी आलात तर बरं. दुपारनंतर आम्ही बाजारात असतो.

आपल्या,
मढ कोळीवाड्यातल्या सुकी मासळी करणाऱ्या बायका