चौकोन आले तर इंग्रजीत लिहा म्हणे!

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत आलेख काढण्याचा लेख वाचला. मॅटप्लॉटलिबची, म्हणजे आलेख काढणाऱ्या पायथॉनच्या लायब्ररीची, ओळख छान करून दिलीय, त्याबद्दल आभार. पण 'मराठी अक्षरांऐवजी चौकोन आले तर नावं इंग्रजीत लिहावीत' एवढं म्हणून लेखकाने विषय संपवला, हे काही पटलं नाही. अहो, मराठी पेपरात मराठी वाचकाला हा सल्ला?

चौकोन का येतात ते तरी सांगायचं. मॅटप्लॉटलिबचा ठरलेला फॉन्ट डेजावू सान्स, त्यात देवनागरी नाहीच. 'ग्लिफ 2350 मिसिंग' (म्हणजे या अक्षराचं चित्र फॉन्टमध्ये नाही) अशी वॉर्निंग येते ना, तो 2350 म्हणजे आपल्या 'म'चा कॉम्प्युटरमधला नंबर. आरसीपॅरम्समध्ये, म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमध्ये, फॉन्ट निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी केला की चौकोन जातात.

खरा ताप त्यापुढे आहे आणि त्याबद्दल लेखात अक्षर नाही. मी बारावीच्या मुलांकडून जिल्ह्याचा तालुकावार पावसाचा आलेख काढून घेत होतो, फॉन्ट बदलला, चौकोन गेले आणि खाली नाव आलं 'चपिळूण'! रत्नागिरीतला पाय मोडलेला त एकीकडे आणि ना दुसरीकडे, संगमेश्वरचीही तीच गत. एरर नाही, वॉर्निंग नाही, मग पोरांनी शोधायचं काय? आमच्या लॅबमधलं मॅटप्लॉटलिबचं व्हर्जन जुनं आहे, ते अक्षरं टाईप केलेल्या क्रमानेच एकेक मांडत जातं, वेलांटी आधी घ्यायची, जोडाक्षर जोडायचं हे त्याला कळतच नाही. एका मुलीने तर वैतागून सगळे तालुके इंग्रजीत करून टाकले, उत्तरपत्रिकेत 'चिपळूण' लिहिणारी मुलगी, तिला का हे करावं लागावं?

उपाय आहे हो. त्याच सेटिंगमध्ये 'एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप'ला 'नन' (none) हा शब्द द्यायचा, आलेख एसव्हीजी या चित्राच्या फाइल प्रकारात सेव्ह करायचा आणि ब्राउझरमध्ये उघडायचा, अक्षरं जुळवायचं काम ब्राउझर करतो. आमचं चिपळूण असंच जागेवर आलं. दोन ओळींचं काम, लेखात सहज मावलं असतं.

आणि तो छापलेला कोड! सगळी अवतरणचिन्हं वाकडी, फॉर लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आतल्या ओळी डावीकडे चिकटवलेल्या. जसाच्या तसा टाईप केला तर पहिल्याच ओळीला सिंटॅक्स एरर, ती काढली की इंडेंटेशनची, म्हणजे ओळीच्या डावीकडच्या मोकळ्या जागेची. नवीन शिकणारा पोरगा तिथेच लॅपटॉप बंद करतो. पुढचा भाग छापायच्या आधी कोड एकदा कुणाकडून तरी चालवून घ्या, आणि डावीकडची मोकळी जागा आहे तशी राहू द्या.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक, चिपळूण