कितनबाधेची तपासणी दूध संकलन केंद्रावरच व्हावी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

व्यालेल्या संकरित गायीला पहिल्या सहा आठवड्यांत गाठणाऱ्या कितनबाधेची, म्हणजेच किटोसिस या आजाराची, चर्चा आपल्याकडे फार कमी होते, याचे वाईट वाटते. गायीला खाद्यातून थेट ग्लुकोज फारसे मिळत नाही. कोठीपोटात (पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात) तयार होणाऱ्या प्रोपिओनिक आम्लापासून तिचे यकृत ते घडवते. विल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, भूक मात्र मागे राहते, आणि दुधातील लॅक्टोज या साखरेसाठी ग्लुकोज अपुरे पडू लागले की अंगावरची चरबी वितळून यकृतात तिच्यापासून कीटोन नावाची रसायने बनतात आणि ती रक्तात साचू लागतात. गाय आंबोण टाकून नुसत्या कडब्याला तोंड लावते, दूध उतरते, श्वासाला गोडसर वास येतो. सुप्त अवस्थेत यातले काहीच दिसत नाही. रक्तातील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे मुख्य कीटोन मात्र लिटरला १.२ मिलिमोलच्या वर गेलेले असते. विण्याआधी दूध आटवलेल्या काळात गाय अति लठ्ठ झाली असेल, तर धोका अधिक.

 

दुधातील कीटोन पट्टीने तपासता येतात. ही सोय दूध संघांनी प्रत्येक संकलन केंद्रावर ताज्या व्यालेल्या गायींसाठी करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक