सोन्यापेक्षा गवताचा मान मोठा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील रोमन सैन्यावरच्या लेखात ‘सोन्याचा मुकुट हा सर्वोच्च बहुमान’ असे छापले आहे. क्रम नेमका उलटा होता. सर्वांत वरचे ‘कोरोना ग्रामिनेआ’ (लॅटिनमध्ये कोरोना म्हणजे मुकुट) निव्वळ गवताचे असे. वेढ्यातून फौज सोडवणाऱ्या सेनापतीला ते सुटका झालेले सैनिकच देत आणि त्यासाठीचे गवत, तण, रानफुले त्याच जागेवरची लागत. रोमन लेखक प्लिनीने दिलेली मानकऱ्यांची यादी जेमतेम आठ-नऊ नावांची आहे.

त्याखालोखाल ओकच्या पानांचे ‘कोरोना सिविका’. (घाट पाहता या दोन्हींना मुकुटापेक्षा डोक्यावरचे कडे म्हणणे जवळचे.) रोमन नागरिकाचा जीव वाचवायचा, शत्रूला ठार करायचे आणि ती जागा त्या दिवशी शत्रूच्या हाती जाऊ द्यायची नाही, अशा अटी होत्या. शिवाय वाचलेल्याने स्वतः तसे कबूल करायचे. इतर साक्षीदार कितीही असले तरी उपयोग नाही. घोडे इथेच अडे. एकदा कबुली दिली की वाचवणाऱ्याला जन्मभर वडिलांसारखे मानावे लागे, म्हणून अनेकजण तोंड उघडायला नाखूश असत. मानकऱ्याला मात्र खेळांच्या वेळी सिनेटरांजवळ जागा मिळे, तो आला की सिनेटरसुद्धा उठून उभे राहत.

लेखासोबतच्या रोमन सम्राट ऑगस्टसच्या नाण्यावरचे कडेही लॉरेलचे नाही, ओकचे आहे. लॉरेलचे पान साध्या कडेचे व टोकदार. ओकच्या पानाची कड खाचाखाचांची असते आणि मधूनमधून फळे दिसतात. मजकुराचा अर्थही ‘नागरिकांना वाचवल्याबद्दल’ असाच आहे.

सोन्याचे मुकुट यानंतरचे. शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्याला बुरुजांचा, छावणीत पहिला घुसणाऱ्याला कुंपणाच्या मेखांचा. इ.स.पू. 209 मध्ये नवे कार्थेज हे स्पेनमधील शत्रूचे शहर पडले तेव्हा ‘पहिला कोण’ यावरून पायदळ आणि आरमार हातघाईवर आले. रोमन सेनापती स्किपिओने सेंच्युरियन (पायदळाचा तुकडीप्रमुख) ट्रेबेलियस आणि आरमारी सैनिक डिजिटियस दोघांनाही मुकुट देऊन ते मिटवले.

पुढे कुलचिन्हांत आणि शहरांच्या मानचिन्हांत हे मुकुट आले, पण अर्थ बदलून. रोमन आरमारी मुकुटावर गलबतांच्या नाळेची, म्हणजे पुढच्या भागाची, टोके असत. ब्रिटिश चिन्हांवर गलबताची पिछाडी आणि शीड आलटून पालटून येतात. बुरुजांच्या मुकुटाचा तर शौर्याशी संबंधच उरला नाही, तो वस्तीचा दर्जा सांगतो. पोर्तुगालमध्ये खेड्याला 3 बुरूज, गावाला 4, शहराला 5. रंग रुपेरी, सोनेरी फक्त लिस्बनला. इटलीत शहराचा मुकुट सोनेरी असतो, त्याचे 8 पैकी 5 बुरूज समोरून दिसतात. पोर्तुगीज अमलातील गोव्याच्या 1958 च्या एस्कुदो नाण्यांवरच्या ढालीच्या डोक्यावर आहे तोही हाच तटबंदीचा मुकुट. तो राजमुकुट नव्हे.

आपला,
प्राचीन नाण्यांचा एक अभ्यासक, पुणे