ती. आई-बाबांना पत्र : परतीच्या प्रवासाविषयी

पुणे,
9 नोव्हेंबर 2025

ती. आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही दादाकडून, अमेरिकेहून, आता मुंबईला परतणार, म्हणून परवा फोनवर बाबांनी विमानतळाविषयी एकामागून एक इतके प्रश्न विचारले, आणि आईला त्यातले निम्मे ऐकूच आले नाही, म्हणून सगळे नीट लिहून काढायचे ठरवले. दादाला सांगून या पत्राची मोठ्या अक्षरांतली प्रत छापून घ्या आणि ती पासपोर्टाच्या निळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

आई, आधी तुझ्याशी भांडते. तुम्हा दोघांसाठी व्हीलचेअरची नोंद मी केली आहे आणि ती रद्द करायची नाही. सहारच्या टर्मिनल दोनवर विमानातून उतरल्यापासून इमिग्रेशनपर्यंतच चालून चालून गुडघे बोलू लागतात. त्यात तू सोळा तास बसून आलेली असशील. लोक काय म्हणतील, हा प्रश्न पहाटेच्या त्या गर्दीत कोणालाही पडत नाही.

बाबा, 2009 साली तुम्ही शेजारच्या प्रवाशाचे पेन मागून विमानात जो फॉर्म भरला होता, तो आता शोधू नका. भारतीय नागरिकांसाठी आगमनाचे ते कार्ड 2014 सालीच बंद झाले. इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्ट द्यायचा, अधिकारी कुठून आलात, किती दिवस होतात असे काही विचारील, त्याचे विचारले तेवढेच उत्तर द्यायचे आणि आगमनाचा शिक्का उमटला आहे ना हे तिथेच पाहायचे. तुम्ही आपल्याच देशात परत येत आहात. अमेरिकेत शिरताना झाली तशी उलटतपासणी इथे नसते.

खरा विचार करायचा तो कस्टमचा. दादाने बाबांना पक्ष्यांच्या छायाचित्रांसाठी घेऊन दिलेला कॅमेरा लेन्ससह साधारण 64,000 रुपयांचा आहे. आजच्या, म्हणजे 2025 सालच्या नियमांप्रमाणे परदेशातून परतणाऱ्या तुमच्यासारख्या प्रवाशाला अंगावरचे कपडे आणि नेहमीच्या वापरातल्या वस्तू सोडून 50,000 रुपयांपर्यंतचे सामान शुल्काविना आणता येते. आम्ही दोघे आहोत, म्हणजे एक लाख झाले, हा बाबांचा हिशेब ऐकायला बरा वाटला तरी चालणार नाही, कारण एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही, असे नियमातच लिहिले आहे. म्हणून बाबांच्या नावावर कॅमेऱ्याखेरीज नवे काही ठेवू नका. चॉकलेटे, सुगंधी बाटल्या, नातेवाइकांसाठी घेतलेले कपडे हे सारे आईच्या बॅगेत जाऊ द्या. वरच्या 14,000 रुपयांवर 35 टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार, म्हणजे एकूण साडेअडतीस टक्क्यांनी 5,390 रुपये होतात. बिल हातातल्या पिशवीत ठेवा, शुल्क लागणारे काही नसलेल्यांच्या हिरव्या मार्गाने न जाता सरळ शुल्काचे सामान दाखवायच्या लाल मार्गाकडे वळा आणि विचारायच्या आधीच कॅमेरा दाखवा. कस्टमचा फॉर्मही शुल्क लागणाऱ्या वस्तू असतील तरच भरावा लागतो, म्हणून तो एकट्या बाबांनी भरायचा.

दादा म्हणतो की खोके फेकून कॅमेरा गळ्यात अडकवला की कोणी विचारत नाही. त्याच्या वयाला ते शोभत असेल. पण सामानाच्या पट्ट्यावर येणाऱ्या एखाद्या बॅगेवर खडूची खूण केलेली असते, ती बॅग हमखास उघडायला लावतात, आणि तशी खूण आपल्या बॅगेवर दिसली तर ज्यांनी आयुष्यभर बसचे तिकीटही घडी करून जपले त्या बाबांचे काय होईल, ते मला पाहायचे नाही. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून येताना लाल मार्गाने गेले होते. पाऊण तास मोडला, पावती मिळाली, विषय संपला.

आईच्या पाटल्या आणि तोड्यांची काळजी मिटलेली आहे. वर्षभराहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांना दागिन्यांची जी वेगळी सूट मिळते, ती पाच महिन्यांच्या मुक्कामाला लागू होत नाही. म्हणूनच जूनमध्ये निघताना मी कस्टमकडून दागिने इथूनच नेल्याचे, त्यांचे वजन आणि वर्णन नोंदवलेले प्रमाणपत्र घ्यायला लावले होते, आणि आई तेव्हा माझ्यावर तासभर चिडली होती. ते प्रमाणपत्र चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टासोबत ठेवा.

वहिनीच्या बागेतल्या फुलांच्या बिया आईने कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवल्याचे कळले. त्या तिथेच राहू देत. बियाणे आणि रोपे आणायला इथला परवाना आणि तिथल्या सरकारचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, आणि झिनियाच्या पुडीसाठी तेवढा उपद्व्याप कोण करणार? औषधे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळच ठेवा.

एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. दादाच्या त्या ओळखीच्या गृहस्थांनी दादरला पोचवायला दिलेले बंद पाकीट आणू नका. माणसे भली असतील, आत लाडूसुद्धा असतील. पण बॅग ज्याची, जबाबदारी त्याची, आणि आत काय आहे हे मला ठाऊक नाही असे सांगून सुटका होत नाही. संकोच वाटत असेल तर माझे नाव पुढे करा; मुलगी फार कटकटी आहे म्हणा.

बाहेर पडल्यावर फोन लागला नाही तर घाबरू नका, बाबांचे इथले सिम सुरू व्हायला वेळ लागू शकतो. मी समोरच्या कठड्यापाशीच उभी असेन. थर्मासमध्ये बाबांसाठी बिनसाखरेचा आणि आईसाठी आलं घातलेला चहा असेल.

तुमची,
धाकटी