रंग गेला, पण प्रदूषण गेले का? हे मोजण्यासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

रंगकामातून बाहेर पडणारे दूषित पाणी सूर्यप्रकाशाच्या जोरावर स्वच्छ करता येईल का, यावर आमचे विज्ञान मंडळ काम करत आहे. आतापर्यंतचा खर्च सभासदांच्या वर्गणीत भागला. पुढचा भागणार नाही, म्हणून हे आवाहन.

आमचा भर टायटॅनियम डायऑक्साइड या टायटॅनियम आणि ऑक्सिजनच्या संयुगावर आहे. त्यावर अतिनील प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, मागे धनभारित जागा उरतात. त्या पाण्याशी भिडल्या की हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, तयार होतात आणि ते सेंद्रिय प्रदूषकांचे तुकडे करतात. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन होते हे १९७२ मध्ये दाखवले. मग घोडे अडले कुठे? त्याच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपाला सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा प्रकाश लागतो, आणि आपल्यापर्यंत पोचणाऱ्या उन्हात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के.

त्यावर उपाय डोपिंगचा, म्हणजे दुसरे मूलद्रव्य मिसळण्याचा. किंचित नायट्रोजन मिसळला की हा पदार्थ दृश्य प्रकाशही थोडाफार शोषू लागतो. प्रमाण वाढले तर मात्र सुटलेले इलेक्ट्रॉन वाटेतच अडकतात आणि सारी मेहनत उष्णतेत जाते. आम्ही पूड न वापरता टायटॅनियमच्या पत्र्यावर वाढवलेल्या नॅनोनलिका, म्हणजे याच पदार्थाच्या अतिसूक्ष्म नळ्या, वापरतो. फ्लोराइड असलेल्या द्रावणात पत्रा धनाग्र करून वीज सोडली की त्या उभ्या राहतात, पुढे सुमारे ४५० अंश सेल्सिअसला तापवल्या की अ‍ॅनाटेज तयार होते. पूड पाण्यातून वेगळी काढणे हे एक स्वतंत्र दुखणे आहे. पत्रा नुसता उचलून घ्यायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. चाचणीसाठी सर्रास मिथिलीन ब्लू हा निळा रंग वापरतात. निळे पाणी नितळ होताना बघून टाळ्याही पडतात. पण हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो आणि आपले इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडला देऊन बसतो, त्यामुळे डोपिंगचे श्रेय नेमके किती हे कळत नाही. शिवाय रंग उडाला तरी रेणूचे तुकडे पाण्यातच असू शकतात. म्हणून आम्हाला फिनॉल हे रंगहीन सेंद्रिय प्रदूषक वापरून, पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजायचा आहे. ते यंत्र आमच्याकडे नाही.

कोणा प्रयोगशाळेने या यंत्रावर थोडा वेळ दिला, तर ती सर्वांत मोठी मदत ठरेल. देणग्यांतून टायटॅनियमचा पत्रा, ठरावीक तरंगलांबीचे एलईडी दिवे आणि प्रकाशाची तीव्रता मोजणारे मीटर घ्यायचे आहे. मीटर उसने मिळाले तरी चालेल. विश्लेषण रसायनशास्त्राचा अनुभव असलेले कोणी आठवड्यातून एक संध्याकाळ देणार असतील, तर हवेच आहेत. रंगकाम करणाऱ्यांनी खरे सांडपाणी द्यावे, नाव गुप्त राहील. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात जे जमते ते गढूळ पाण्यात जमेलच असे नाही, कारण प्रकाश आतवर पोचत नाही आणि पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट हे क्षार हायड्रॉक्सिल रॅडिकलना खाऊन टाकतात.

एक खुलासा. या पद्धतीने पाण्यातले क्षार किंवा फ्लोराइड जात नाहीत, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आम्ही बनवत नाही. तशा आशेने कृपया देणगी देऊ नये.

प्रत्येक रकमेची पावती मिळेल. मोजणीचे सर्व आकडे, डोपिंगचा काहीही उपयोग झाला नाही असे निघाले तरी, देणगीदारांना पाठवले जातील. मदत करू इच्छिणाऱ्यांनी मंडळाच्या कार्यवाहांना भेटावे.