पोलादी गोधडी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

प्रवासाचे सविस्तर वर्णन कळवीन असे कबूल केले होते. परंतु लिहायला बसल्यावर लक्षात आले की, ज्या माउंट रशमोरच्या डोंगरात कोरलेल्या शिल्पासाठी आम्ही एवढी गाडी हाकली, त्याच्याविषयी माझ्यापाशी फारसे काही नाही, आणि जेथे केवळ पाय मोकळे करायला उतरलो ती जागा मात्र अजून मनातून जात नाही.

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातून आय-९० महामार्गाने पश्चिमेकडे निघाले की तासन्‌तास सपाट माळरान सोबतीला असते. मुले कंटाळून भांडू लागली, तेव्हा चेंबरलेन गावाजवळ, मिसूरी नदीवरच्या टेकाडावर असलेल्या विश्रांतीथांब्यावर गाडी वळवली. तेथे ५० फूट उंचीची एक पोलादी स्त्री उभी आहे. तिचे नाव ‘डिग्निटी’. डेल लॅम्फियर या शिल्पकाराने लकोटा आणि डकोटा या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या सन्मानार्थ घडवलेले हे शिल्प २०१६ मध्ये उभे राहिले.

उंच पुतळ्यांविषयी माझे मत तुला ठाऊक आहेच. उंचीचा आकडा वाचला की माझे अर्धे कुतूहल तेथेच संपते. येथे मात्र मी तो आकडा विसरलो, कारण तिने दोन्ही हात पसरून पाठीमागे एक गोधडी धरली आहे, आणि त्या गोधडीतले निळ्या रंगाचे १२८ चौकटी तुकडे वाऱ्याने हलावेत असे बसवलेले आहेत. त्या दिवशी वारा भरपूर होता. एवढे पोलाद, पण कापडासारखे थरथरत होते.

आईने उभ्या आयुष्यात कितीतरी गोधड्या शिवल्या आहेत, त्यामुळे तिची नजर शिल्पावर कमी आणि जोडकामावर अधिक होती. मी तिला सांगितले की, या लोकांत पूर्वी गव्याचे कातडे पांघरायचा आणि भेट द्यायचा रिवाज होता. गव्यांचे कळप मारले गेल्यावर त्याची जागा ताऱ्याच्या नक्षीच्या गोधडीने घेतली आणि आजही ती मानाने दिली जाते. त्यावर तिने विचारले, “मग ही स्वतः पांघरते आहे, की कुणाला द्यायला निघाली आहे?” धाकटीच्या मते पांघरते आहे, बायकोच्या मते देते आहे. वाद गाडीत पुढे दोन तास चालला, आणि मुलांचे भांडण मिटले ते त्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी रशमोर पाहिला. १९२७ ते १९४१ या काळात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे, प्रत्येक सुमारे ६० फुटांचा. काम थोरच आहे. पण अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६८ च्या तहाने हे डोंगर लकोटांच्या स्वाधीन राहायचे होते, हे आठवत असल्यामुळे मला तेथे फार वेळ रमता आले नाही.

परतीच्या वाटेवर चेंबरलेनला पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती आणि ती गोधडी दिव्यांनी उजळली होती. मुले झोपली होती. आईने काच खाली करायला सांगितली आणि बराच वेळ बाहेर पाहत राहिली. वारा पडला होता. एकही तुकडा हलत नव्हता.

तुझा मित्र